विलेपार्ले पूर्व : ही शांतता कुणी घडवली?

परसदार (धागाकर्ता)

पार्ल्याचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. तिथे शांतता आहे, आणि तिथली माणसं सुसंस्कृत आहेत. पार्लेकर म्हणून ऐकायला बरं वाटतं, पण ही शांतता आली कुठून हे फारसं कुणी विचारत नाही. जणू झाडांबरोबर तीही आपोआप उगवली.

मला वाटतं ती माणसांनी मेहनतीने उभी केली, आणि तीही पैशाच्या जोरावर नव्हे. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. त्यानंतर वर्षाच्या आत, जून १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ निघाला, ज्याला आजही सगळे टिळक मंदिर म्हणतात. त्या वेळी पार्लं मुंबई शहरात नव्हतंच. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढला गेला, आणि पार्ल्यासारखी उपनगरं महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५० साली. म्हणजे शाळा, वाचनालय, व्याख्यानं, व्यायाम हे सगळं इथल्या लोकांनी शहराची वाट न पाहता आपलं आपण उभं केलं. राहायला आलेल्यांत कारकून, शिक्षक, वकील, छोटे नोकरदार. कुणी गडगंज नव्हतं. घर दोन खोल्यांचं, पण चालत दहा मिनिटांवर ग्रंथालय, मैदान, सभागृह. घरात जागा नव्हती म्हणून माणसं संस्थेत जाऊन बसली आणि तिथेच एकमेकांना ओळखू लागली.

रस्त्यांची नावं बघा. अजमल रोड, श्रद्धानंद रोड, मालवीय रोड, नेहरू रोड, सुभाष रोड, महात्मा गांधी रोड. हकीम अजमल खान आणि स्वामी श्रद्धानंद, एक मुस्लिम नेते आणि एक हिंदू संन्यासी, एकाच वस्तीत, चालत जाण्याच्या अंतरावर. नावं देणाऱ्यांच्या मनात काय होतं ते यातून कळतं.

आता एकामागून एक जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. म्हणून हा धागा. जुन्या पार्लेकरांनी, पश्चिमेकडच्यांनी, आणि पार्लं सोडून गेलेल्यांनीही लिहावं. नुसत्या आठवणी नकोत, काय कशामुळे झालं हेही सांगा.

स्लो_लोकल

उत्तम धागा. एक गोष्ट जोडतो. पार्लं शांत राहिलं त्यात रेल्वेचाही वाटा आहे. बहुतेक फास्ट लोकल अंधेरीहून सुटल्या की थेट वांद्र्याला थांबतात, पार्लं मध्ये राहून जातं. अंधेरी जंक्शन झालं, बाजार झाला, पुढे मेट्रो आली. पार्ल्याला उतरतो तो पार्ल्यात काम असलेलाच माणूस. स्टेशनबाहेरची गर्दी ओलांडून दोन गल्ल्या आत गेलं की आवाज बसतो, हे आजही तसंच आहे.

आणि तो वास! दारात उभं राहून येणाऱ्यांना स्टेशन कुठलं हे डोळे मिटूनही कळायचं. भाजलेल्या बिस्किटांचा, गोडसर, थोडा दुधाचा. पार्ले कंपनीने १९२९ साली इथे गोळ्या-चॉकलेटं करायला सुरुवात केली, बिस्किटं १९३९ पासून. गावाच्या नावावरून कंपनीचं नाव, आणि मग कंपनीमुळे गावाचं नाव देशभर. २०१६ साली इथला कारखाना बंद झाला.

गावठाणकर

धागा आवडला, पण एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पार्ल्याचा इतिहास १९२१ पासून सुरू होत नाही.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती. पार्ल्याला लागून असलेल्या सहारला आमच्या आईचं घर. साष्टीतल्या या गावांमध्ये आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करत होती, आणि घरात बोलायची ती मराठीच. 'ईस्ट इंडियन' हे नाव आमच्या समाजाने १८८७ साली घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. त्याआधीही आम्ही होतोच की. प्लॉट पाडून सोसायट्या झाल्या त्या कुणाच्या तरी शेतांवर आणि वाड्यांवर. पुढे विमानतळ आला, त्यातही गावांची शेतं गेली. आज सहार म्हटलं की लोकांना टर्मिनल आठवतं. गाव आठवत नाही.

परसदार म्हणतात ती शांतता आमच्या गावठाणात वेगळ्या तऱ्हेने होती. क्रूसाजवळ मे महिन्यात संध्याकाळी माळेची प्रार्थना व्हायची, अजूनही होते. सगळी आळी बाहेर येते. प्रार्थना संपली की पोरांना उकडलेले चणे. मुंबईच्या गावठाणांतले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर नवस म्हणून बसवलेले आहेत. आजूबाजूला इमारती चढल्या तरी तिथे कुणी मोठ्याने हॉर्न वाजवत नाही, कारण समोर कोण उभं आहे ते वाजवणाऱ्याला माहीत असतं.

माझी तक्रार नाही. फक्त पार्ल्याची गोष्ट सांगताना पहिलं पान आमचं असू द्या.

परसदार

@गावठाणकर, पहिलं पान तुमचंच. प्लेगमुळे शहरातली माणसं उपनगरांकडे वळली हे आपण नेहमी म्हणतो, पण ज्या गावांकडे ती वळली त्या गावांत प्लेगने काय केलं हे कुणी सांगत नाही. क्रूसांबद्दल आणखी लिहा, प्लीज.

इर्ल्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी पश्चिमेची. लग्नानंतर पुण्याला आले, माहेर इर्ल्याला.

पूर्व पार्ल्याच्या गप्पांत पश्चिम नेहमी पलीकडे राहते, रेल्वेच्या रुळांपलीकडे. पण ज्या उमेदीने पूर्वेला शाळा-संस्था निघाल्या, त्याच उमेदीने पश्चिमेला गुजराती मंडळींनी केळवणी मंडळ ही शिक्षणसंस्था काढली, १९३४ साली. मिठीबाई कॉलेज १९६१ चं, त्यानंतर एन. एम. कॉलेज. पूर्वेला पार्ले टिळकच्याच संस्थेचं पार्ले कॉलेज (आताचं साठये) १९५९ साली सुरू झालं होतं, डहाणूकर १९६०. दोन-तीन वर्षांच्या अंतराने रुळांच्या दोन्ही बाजूंना कॉलेजं! दोन भाषांच्या दोन वस्त्या, आणि दोघींनी पहिल्यांदा काय बांधलं तर शाळा.

माझे वडील एस. व्ही. रोडला जन्मभर घोडबंदर रोडच म्हणाले. त्या रस्त्यावर गोल्डन टोबॅकोचा कारखाना, अलीकडे नानावटी, आत कूपर हॉस्पिटल, इर्ल्याचा बाजार. पश्चिम शांत नव्हती. पण आतल्या सोसायट्या, विशेषतः जुहू-पार्ले स्कीममधल्या, त्या सहकारी तत्त्वावर उभ्या राहिल्या आणि शांत होत्या. नाटक बघायला मात्र आम्ही पूर्वेलाच यायचो, दीनानाथ नाट्यगृहात.

मोजपट्टी

व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, उपनगरांतल्या जुन्या इमारतींच्या तपासण्या करतो, म्हणून थोडं तांत्रिक.

पार्लं ठेंगणं राहिलं याचं एक मोठं कारण विमानं आहेत. जुहूचा विमानतळ १९२८ चा, देशातला पहिला नागरी विमानतळ. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा तळ वाढला आणि युद्धानंतर नागरी उड्डाणं तिकडे गेली. गंमत म्हणजे ज्याला आपण सांताक्रूझ विमानतळ म्हणतो, ते आजचं टर्मिनल १, आहे विलेपार्ले पूर्वेला.

दोन्ही बाजूंना धावपट्ट्या असल्यामुळे पार्ल्याचा बराच भाग फनेल झोनमध्ये येतो. विमान उतरताना-चढताना खाली जी निमुळती पट्टी मोकळी लागते, तिच्या आत इमारतीच्या उंचीला बंधन. जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, धावपट्टीपासून किती दूर आहे, यावरून विमानतळ प्राधिकरण उंची ठरवून देतं. महापालिकेच्या नियमात वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी) मिळालं तरी वर चढता येत नाही, म्हणून ते कागदावरच राहतं. विकायला जास्तीचे मजले नाहीत तर बिल्डर कशाला येईल? त्यामुळे कित्येक इमारती वर्षानुवर्षं तशाच उभ्या आहेत.

लोकांना वाटतं ही जपणूक आहे. मी आत जाऊन बघतो तेव्हा सळ्या गंजून फुगलेल्या असतात, स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं असतं, जिन्याखाली टेकू लावलेले असतात. वरच्या मजल्यावर पंचाहत्तरीच्या आजी, लिफ्ट नाही. बाहेरून फोटो काढणाऱ्याला बकुळीचं झाड दिसतं. म्हणून 'जुनं पार्लं राहू द्या' असं सरसकट म्हणू नका ही विनंती.

चिंचेखालचा

@मोजपट्टी +१. आमची इमारत तशीच आहे. पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवतो. पुनर्विकास हवाच आहे आम्हाला.

वाचनकक्ष

संस्थांबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण माझं लहानपण टिळक मंदिरात गेलं.

सकाळी वर्तमानपत्रं उघडून ठेवलेली असायची. तिरप्या लाकडी फळीवर, मधोमध पट्टी, म्हणजे पान उलटता येईल पण पेपर उचलून नेता येणार नाही. पहिलं पान वाचणारा एक, शेवटचं वाचणारा दुसरा, आणि दोघांनी न बोलता एकमेकांसाठी थांबायचं. निवृत्त न्यायाधीश आणि बिस्किटाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला कामगार एकाच फळीशी उभे असलेले मी पाहिलेत. तिथे आवाज चढवायचा नाही हे कुणी शिकवलं नाही, बघून कळलं.

पार्ल्याचा आवाज आहे तो सभागृहांत. व्याख्यानं, मॅजेस्टिक गप्पा (लेखक-कलावंतांशी जाहीर गप्पांचा कार्यक्रम), गाण्याच्या बैठका, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, बालनाट्यं. पु. ल. देशपांडे इथेच वाढले, पार्ले टिळकमध्ये शिकले, हे पार्लेकर अभिमानाने सांगतात ते योग्यच. पण मला त्यांच्यासारख्या मोठ्यांपेक्षा मागे सतरंज्या घालणारी माणसं जास्त आठवतात. एक काका होते. बँकेतून सुटले की थेट हॉलवर, खुर्च्या मांडायचे, माइक तपासायचे आणि कार्यक्रम सुरू झाला की मागच्या दाराशी उभे राहून ऐकायचे. त्यांनी आयुष्यात एकही भाषण केलं नाही. पार्ल्याचा स्वभाव कुणी घडवला विचाराल तर मी त्यांचं नाव घेईन, पण त्यांना ते आवडलं नसतं.

आणि १९३० विसरू नका. मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी होती, जमनालाल बजाज तिचे प्रमुख. गांधीजींचे सहकारी किशोरलाल मशरूवालाही होते. जुहूचा किनारा जवळ, त्यामुळे समुद्राच्या पाण्याचं मीठ करायला लांब जायला नको. इथली घरं तेव्हा सत्याग्रहींच्या पाठीशी उभी राहिली. शांत म्हणजे गप्प बसणारं गाव नव्हतं हे.

पूर्वा_डोंबिवली

मी पार्लेकर नाही, पण वाचते आहे. डोंबिवलीलाही 'सांस्कृतिक' म्हणतात, आमच्याकडेही संस्था पुष्कळ. शांतता मात्र नाही. मग संस्थांमुळे शांतता येते हे कसं मानायचं? की पार्ल्यात ती रस्ते रुंद आणि प्लॉट नीट पाडल्यामुळे आली?

मोजपट्टी

प्रश्न चांगला आहे. आखणीचा वाटा मोठाच. परांजपे स्कीम, तेजपाल स्कीम ही नावं पत्त्यांत अजून आहेत. स्कीम म्हणजे आधी जमिनीची मोजणी, मग रस्ते, मग प्लॉट. त्यात घराभोवती चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली. त्या मोकळ्या जागेत आंबा, फणस, जांभूळ लावलं गेलं, आणि झाडामुळे समोरच्या घरातला आवाज कमी येतो. डोंबिवलीत वाढ इतक्या झपाट्याने झाली की आधी इमारत, मग रस्ता. तिथल्या माणसांचा दोष नाही.

परसदार

दोन्ही खरं आहे, पण @पूर्वा_डोंबिवली, आखणी चांगली असलेल्या कितीतरी वसाहतींत माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. तिथे सामसूम असते, त्याला मी शांतता म्हणणार नाही.

आमच्या सोसायटीचं सुरुवातीचं इतिवृत्त माझ्याकडे आहे, निळ्या शाईतलं, कापडी बांधणीचं. त्यातले ठराव वाचा: रात्री दहानंतर रेडिओ घरातल्या घरात ऐकू येईल इतकाच लावावा. दुपारी एक ते चार मुलांनी आवारात चेंडू खेळू नये, मात्र चारनंतर कुणी त्यांना अडवू नये. पाणी येण्याच्या वेळेत तळमजल्याच्या बिऱ्हाडांनी नळ बारीक ठेवावा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर धार चढेल. परीक्षेच्या दिवसांत गच्चीवर पापड-वड्या घालणाऱ्यांनी जिन्यात बोलत उभं राहू नये. एका ठरावाखाली विरोध नोंदवलाय, त्यानंतरच्या सभेत त्याच गृहस्थांना सेक्रेटरी केलंय!

चारनंतर मुलांना अडवू नये, हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. शांतता हवी म्हणून मुलांचा गळा दाबायचा नाही, वेळ वाटून घ्यायची. असे ठराव भांडून, तासन्‌तास बसून झालेले असतात. हे काम नकाशाने होत नाही.

चिंचेखालचा

हे चार वाजताचं आमच्याकडेही होतं! आणि शेजारच्या बंगल्यात चेंडू गेला की आणायला कुणी जायचं यावरून रोज वाद. बंगल्यातल्या आजी चेंडू द्यायच्या, पण आधी पाढा म्हणून घ्यायच्या. एकोणतिसाचा पाढा मला आजही पाठ आहे तो त्यांच्यामुळे.

नेहरूरोड_मागे

वाचत होतो, लिहू की नको असं वाटत होतं. लिहितोच.

मी पार्ल्याचाच, पण सोसायटीतला नाही. विमानतळाच्या भिंतीलगतच्या वस्तीत वाढलो. आई सोसायट्यांमध्ये पोळ्या करायची, वडील लोडर. वरचे प्रतिसाद वाचून पार्लं म्हणजे फक्त प्लॉट, बकुळ आणि व्याख्यानं असं वाटेल. आमची घरं एकमेकांना चिकटून, पाण्यासाठी रांग, डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि ते गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू करायचं. शांतता कुठली?

तरी सांगतो, टिळक मंदिराच्या अभ्यासिकेने मला बारावी काढून दिली. घरात अभ्यासाला जागा नव्हती. तिथे मी कुठून येतो हे कुणी विचारलं नाही. दिवा, पंखा, टेबल आणि आजूबाजूला वाचणारी मुलं. @वाचनकक्ष म्हणतात ते अगदी तसंच होतं. पण माझ्या वर्गातल्या मित्रांच्या घरी मी बाहेरच्या खोलीपर्यंतच गेलो, हेही तितकंच खरं. संस्थेची दारं उघडी होती, घरांची सगळीच नव्हती.

वाचनकक्ष

@नेहरूरोड_मागे, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मनापासून आभार. हे आलं नसतं तर हा धागा अर्धाच राहिला असता.

इर्ल्याची_लेक

माझ्याही मनात हेच घोळत होतं. पूर्व-पश्चिमेतही असंच होतं. कॅप्टन गोरे उड्डाणपुलावरून आता गाड्या इकडून तिकडे जातात (कॅप्टन विनायक गोरे पार्ल्याचे, १९९५ साली काश्मीरमध्ये त्यांना वीरमरण आलं), पण पूर्वी रूळ ओलांडून घरोबा फार कमी लोकांचा होता.

आता दुसरी भीती आहे. पुनर्विकासानंतर मोठे फ्लॅट येतात आणि घराबरोबर देखभाल खर्चही वाढतो. निवृत्तिवेतनावर राहणारं जोडपं नवीन घर मिळूनही विकतं आणि विरार-बदलापूरला जातं. नव्या इमारतींत मराठी कुटुंबांसाठी घरं राखून ठेवावीत आणि काही घरं लहान असावीत, अशी मागणी पार्ल्यातूनच पुढे आली होती. पहिल्या भागावर मतभेद आहेत, मला स्वतःला भाषेवरून घरं वाटणं पटत नाही. पण लहान घरांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

परसदार

मला दोन्ही भागांमागची कळकळ समजते. भाषेच्या नावावर घर नाकारलं गेल्याचे अनुभव उपनगरांतून ऐकू येतात, तेव्हा ती मागणी कुठून येते हे उघड आहे. तरी माझा भर लहान घरांवरच राहील. हे गाव दोन खोल्यांच्या माणसांनी उभं केलं. शिक्षक, नर्स, बँकेतला क्लार्क यांना परवडेल असं घर पार्ल्यात उरलं नाही, तर खुर्च्या मांडायला संध्याकाळी सहा वाजता हॉलवर कोण येणार? ज्याला विरारची गाडी गाठायची आहे तो येऊ शकत नाही. संस्थांच्या इमारती राहतील, कार्यकर्ते मिळणार नाहीत. आणि ज्यांना @नेहरूरोड_मागे यांच्यासारखं अभ्यासिकेत यायचं आहे, त्यांच्यासाठी दार उघडायलाही कुणी लागेलच ना.

स्लो_लोकल

हे अगदी पटलं. आमच्या मंडळाचे निम्मे कार्यकर्ते आता डोंबिवली, वसई इथून येतात. गणपतीत दहा दिवस येतात, एरवी फोनवर.

मोजपट्टी

एक कामाची सूचना. इमारत पाडण्याआधी सोसायटीकडून या गोष्टी मागून घ्या: मंजूर झालेले मूळ नकाशे, सभासदांची पहिली नोंदवही, सुरुवातीची इतिवृत्तं, कूळ-मालकाचे जुने करारनामे. खोल्या रिकाम्या करताना हे सगळं रद्दीत जातं, मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान मोबाइलवर पानं स्कॅन करून ठेवा. आवारातल्या झाडांची जागा, जात आणि खोडाचा घेरही लिहून घ्या. झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि हरकत घ्यायची असेल तर ही नोंद हाताशी असलेली बरी.

गावठाणकर

यात माझीही भर. सहारपासून इर्ल्यापर्यंतचे क्रूस, जुन्या विहिरी आणि आळ्यांची नावं मी घरातल्या मोठ्यांना विचारून वहीत लिहितोय. विहिरी बऱ्याचशा बुजल्यात, पण जागा सांगणारी माणसं आहेत अजून. कुणाला बरोबर यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी सकाळी निघतो.

नेहरूरोड_मागे

मी येतो. आमच्या वस्तीमागे एक बुजवलेली विहीर आहे, आई दाखवेल.